बांधावरचा पाईप

५ जानेवारी

निघताना स्वप्नानं ही डायरी पिशवीत कोंबली. म्हणाली, "थंय कोणार वसकन् येव नकात. राग इलो तर ह्येच्यात लिहा. शनिवारी घरी येऊन माझा डोक्या खाव नकात." बायको म्हणते मी तापट आहे. मी तापट नाही, मला फक्त काम नीट झालेलं आवडतं. तारकर्लीत पर्यटकांच्या खोल्यांना नळ जोडण्यात माझी उमर गेली, या दत्तप्रसादानं बसवलेला नळ गळतोय असं कुणी म्हणून दाखवावं.

तर धामणवाडी. डोंगर, ओढ्यासारखा वहाळ, सुपारीच्या बागा आणि खाली भाजीचे वाफे. ही माणसं दरवर्षी पाऊस सरला की वहाळाला मातीचा बांधारा घालतात आणि मातीच्याच पाटानं पाणी खाली आणतात. निम्मं पाणी पाटच पितो. प्रत्येकाची पाळी ठरलेली. एकानं आपलं भिजवून झालं की खालच्याला हाक मारायची, त्यानं येऊन पाट आपल्याकडे वळवायचा. ज्या संस्थेनं मला इथं पाठवलंय तिनं सांगितलंय, बांधाऱ्यापासून उतारानं पाईप घालायला शिकवा. पंप नको, वीज नको. पण पाईप त्यांनी स्वतः जोडायचा, म्हणजे उद्या मोडला तर कुणाची वाट बघायला नको.

आज पहिला दिवस. पाईप हातात धरून विचारलं, "ह्या काय आसा?" लवू नावाचा एक चाळीशीचा गडी म्हणाला, "पाईप, मास्तर. इतक्यात परीक्षा?" सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून नाही.

राहायची सोय देवळाशेजारी, जेवण रुक्मिणीकाकीकडे. काकी सत्तरीच्या, तोंडानं फटकळ. कुळथाची पिठी मात्र अशी की दोनदा मागून घेतली.

७ जानेवारी

आज जोड शिकवला. पाईपाचं टोक घासायचं, पुसायचं, सोल्युशन लावायचं, दाबून थोडा पीळ द्यायचा आणि धरून ठेवायचं. एकट्याचं काम नाही, एक लावणार, दुसरा ढकलणार. म्हणून जोड्या पाडल्या. ज्यांच्या बागांचा बांध एक, त्यांची जोडी. पुढेमागे त्यांनाच एकमेकांना हाक मारायची आहे, असा माझा हिशेब. हिशेब चांगलाच होता.

पण एका जोडीचं नाव घेतलं आणि सगळे पायांकडे बघायला लागले. गंगाराम आणि सुभद्राबाई. गंगाराम उंच, वाळका, बोलणं कमी. सुभद्राबाई साठीच्या आसपास, पदर खोचून तयारच होत्या. दोघं पाईपाच्या दोन टोकांना बसली आणि सुभद्राबाई शेजारच्या फणसाला म्हणाल्या, "सोल्युशन लावून झाला. आता कोणीतरी ढकलूक व्हया."

गंगाराम माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, सांगा, धरून ऱ्हवा म्हणान. हलता."

मी म्हटलं, "सुभद्राबाय, धरून ऱ्हवा."

"धरलेलाच आसा," त्या फणसाला म्हणाल्या.

नंतर लवू मला बाजूला घेऊन कुजबुजला, "मास्तरांनू, ती दोगां सख्खी भाव-भयण. पण बोलणत नाय. लय वर्सां झाली."

"मगे? माका जोड व्हयो, गजाली नको," मी म्हटलं. अबोले प्रत्येक गावात दोन-चार असतातच. आमच्या तारकर्लीत एका घरात दोन चुली आणि मधे कोंबडी, जे काय सांगायचं ते कोंबडीला. त्यात मास्तरनं लक्ष घालायचं कारण नाही.

एक मात्र खरं, पाणी सोडून बघितलं तर सगळ्यांत पक्का जोड त्या दोघांचा. मी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. एक पूर्वेला बघत होता, दुसरी पश्चिमेला.

९ जानेवारी

बांधाऱ्यावर पाईपाचं तोंड बसवायचं होतं. मी सोल्युशनचा डबा उघडला आणि लवू म्हणाला, "थांबा, गाऱ्हाणा घालूक व्हया." उघडा डबा सुकतो हे देवाला कोण सांगणार! गावकारांनी, म्हणजे वाडीच्या मानकऱ्यांनी, नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, हय जी लेकरां जमली हत, तेंचो ह्यो पाईप नीट चलू दे, पाणी तळापर्यंत जाव दे..."

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण वाकडो बघीत, तेका सरळ कर..."

"व्हय म्हाराजा!" यात सुभद्राबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर.

"आणि जी काय रुसवी-फुगवी आसतीत, ती ह्या पाण्यात व्हावन जाव दे..."

"व्हय म्हाराजा!"

या वेळी सुभद्राबाईंचा आवाज आला नाही, बहुतेक घसा बसला. गंगाराम खाली वाकून चप्पल शोधत होता. देवाच्या कामात तरी माणसानं लक्ष द्यावं.

पाईपाच्या तोंडाला भोकाभोकांचा डबा आणि वर मच्छरदाणीचं कापड बांधलं. पालापाचोळा आत गेला तर पुढचं सगळं फुकट. मी तीन-तीनदा सांगितलं, आठवड्यानं कापड झाडायचं. लवू म्हणाला, "मास्तर, आमच्या घरातली मच्छरदाणी सुद्धा कोण झाडणा नाय."

१४ जानेवारी

पाणी पोचलं!

सकाळी येतच नव्हतं. वर बांधारा भरलेला, पाईप कुठे गळत नाही, आणि खाली थेंब नाही. माणसं माझ्याकडे बघायला लागली. मला घाम फुटला, खोटं कशाला लिहू. मग लक्षात आलं, मधे आंब्याजवळ पाईप चढावर जातो तिथं हवा अडकलीय. तिथं एक उभी नळी बसवली. फुस्स करून हवा गेली आणि थोड्या वेळानं खालच्या वाफ्यात पाणी धडधडत आलं. लवू तोंड लावून प्यायला. गावकारांनी डोळे पुसले. मला तर नाचावंसं वाटलं, पण मास्तर आहे म्हणून उभा राहिलो.

संक्रांत असल्यामुळे सुभद्राबाईंनी तिळाचे लाडू आणले होते. सगळ्यांना एकेक दिला. माझ्या हातावर दोन ठेवले आणि हळूच म्हणाल्या, "एक तुमका. एक... हंय कोण ऱ्हवलो आसात तर तेका."

मी आजूबाजूला बघितलं. सगळ्यांना मिळाला होता. एकटा गंगाराम लांब बांधावर बसला होता, पण तो काही मागायला आला नाही. मग दोन्ही मीच खाल्ले. गूळ चांगला होता.

१९ जानेवारी

गंगाराम आणि सुभद्राबाई यांच्या बागांच्या मधल्या बांधावर मी युनियन बसवलाय. म्हणजे आटे असलेला जोड, पान्ह्यानं खोलता येतो. पाईप साफ करायचा झाला तर तिथं उघडायचा. वरून येणारा पाईप आधी गंगारामची बाग, मग युनियन, मग सुभद्राबाईंची.

आज सोमवारी येऊन बघतो तर युनियन ढिला. पाणी बांधावर ठिबकतंय. सुभद्राबाई दारात उभ्या राहून कोंबडीला सांगत होत्या, "कोणाच्या तरी बाजून पाणी गळता गो, बघूक कोण नाय." पलीकडून गंगाराम पान्हा घेऊन आला. त्यानं आवळलं, मग उगाच तिथंच बसला, बांधावरचं गवत उपटत. बाईंनी चहा आणून बांधावर ठेवला. दोन कप.

मी म्हटलं, "मी एकटोच आसंय."

"ऱ्हव दे. वाया जायत तर कोणीय पियात," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

गंगारामनं दुसरा कप उचलला. फुकट जाण्यापेक्षा बरं.

२३ जानेवारी

या आठवड्यात युनियन तिसऱ्यांदा ढिला. माझ्या हातचं काम! मी रात्री जेवताना रुक्मिणीकाकींना म्हटलं, हे माकडांचंच काम. माकडं पाईप चावतात हे मला माहीत आहे, पण आटे उलटे फिरवणारं माकड पहिल्यांदाच बघतोय. काकींनी पदरानं तोंड पुसलं. हसत असाव्यात. माकडांवर हसण्यासारखं काय आहे?

रोज तेच. बाई कोंबडीला सांगतात, गंगाराम येऊन आवळतो, दोन कप चहा. गंगाराम कप धुऊन बांधावर पालथा ठेवून जातो. आज तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, सांगा, चायत आला बरा घातला हा म्हणान." आल्याचं हे कौतुक मी कंटाळून पोचवलं. बाईंनी मान वळवली. म्हणाल्या, "आमच्या आयेचो चाय असोच होतो म्हणा." तेही मी सांगितलं. मी इथं पाईप शिकवायला आलोय की पोस्टात नोकरीला?

२६ जानेवारी

सुट्टी, घरी. स्वप्ना म्हणते तिनं डायरी वाचली नाही. मग तिळाच्या लाडवांचं तिला कसं कळलं? "दोनूय खाल्लात? धन्य तुमची!" म्हणाली आणि हसत हसत मासे साफ करायला गेली. काय चुकलं ते काही सांगितलं नाही.

२८ जानेवारी

चोर सापडला. माकड नव्हे, गंगाराम.

सकाळी लवकर उठून बांधावर गेलो, तर हा बसलाय आणि युनियनवर पान्हा फिरवतोय, उलटा! आवळण्याऐवजी सोडवतोय. इतके दिवस हा रोज आवळायला येतो, आणि कुठल्या बाजूला फिरवायचं तेच याला माहीत नाही! म्हणून रोज ढिला. माझं डोकंच फिरलं. सगळे जमल्यावर त्याला समोर उभा केला आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. असा फिरवला की आवळतं, तसा फिरवला की सुटतं. त्याच्याकडून दहा वेळा करून घेतलं.

गंगारामनं मान खाली घालून सगळं केलं. लवू मधेच खोकत होता. सुभद्राबाई लांबून बघत होत्या, त्यांचे कान लाल झाले होते. बहिणीला भावाच्या अडाणीपणाची लाज वाटली असणार. नाही म्हटलं तरी रक्ताचं नातं आहे.

३० जानेवारी

कायमचा इलाज केला. युनियन काढून टाकला, सरळ पाईप सोल्युशननं चिकटवला. आता पान्ह्याचं कामच नाही. वर गंगारामचा कॉक वेगळा, खाली सुभद्राबाईंचा वेगळा. ज्याला पाणी हवं त्यानं आपला कॉक फिरवायचा. पाळी नाही, हाक नाही, कोंबडी नाही, मास्तर नाही. संस्थेच्या मॅडम दुपारी येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "आता कुणाला कुणावर अवलंबून राहायला नको." अगदी माझ्या मनातलं बोलल्या.

मी दोघांनाही एकेकटं समजावलं. सुभद्राबाई म्हणाल्या, "म्हणजे आता हाक मारूक नको?"

"कोणाकच नको," मी अभिमानानं म्हटलं.

"बरा," त्या म्हणाल्या. गंगाराम तेवढंही म्हणाला नाही. माणसांना चांगलं काम केलेलं दिसत नाही, हेच खरं.

४ फेब्रुवारी

चार दिवस बांध कोरडा. थेंब नाही. मी रोज जाऊन हात फिरवून बघतो. चहा मात्र बंद झाला, एक कपही नाही. मिरचीची रोपं टरारून वर आलीत, लाल माठ तर असा की बघत राहावं.

आज सुभद्राबाईंनी सांगितलं, त्या मुंबईला मुलाकडे जाणार, कायमच्या. अजय केव्हाचा बोलावतोय. बाग लवूला बघायला देणार. मी विचारलं, अचानक कसं काय? म्हणाल्या, "आता माझा हंय काय काम, मास्तर? कॉक फिरवूचो तो लवूय फिरवीत."

मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, पाईपानं एक म्हातारी मोकळी केली, आता नातवंडांत जाऊन राहील. संध्याकाळी हे रुक्मिणीकाकींना सांगितलं. काकींनी भाकरी ताटात अशी आपटली की ताट वाजलं. आमटी वाढलीच नाही. मला कळेना, मी काय घोडं मारलं.

५ फेब्रुवारी

आज काकींनी सगळं सांगितलं, सकाळी, मी अंघोळीचं पाणी काढत असताना. त्या जसं बोलल्या तसंच लिहितो.

"आवस मेली ती पावसात. सुभद्रा तेव्हा मुंबयेत, घोवाबरोबर. सांगावो मिळालो तशी निघाली. गंगाराम थांबलो नाय. ती इली तेव्हा सगळा सरलेला. आयेचा तोंडय बघूक गावला नाय तिका. अंगणात सगळ्यांसमोर म्हणाली, 'आयेवांगडा माझो भाव पण मेलो.' तेव्हापासून हे अशे. मगे घोव वारलो, ती हंय येऊन ऱ्हवली. बाग ती तेच्याच बांधाक लागून."

मी म्हटलं, "मगे मी काय केलंय?"

"तुमी काय केलात? पाट होतो तेव्हा ह्येचा भिजल्याशिवाय तिका पाणी नाय. सांगूचा तर लागताच मां! फणसाक सांगीत, कोंबडेक सांगीत, पण सांगीत तर खरां! रोज एकदा तेचो आवाज ती ऐकी, तिचो आवाज तो ऐकी. तुमी इलात आणि तोंडाक बूच मारलात."

"पण तेका पान्हो फिरवूक येणा नाय..."

"गंगारामाक? जलम सगळो लोकांच्या विहिरींचे पंप खोलण्यात गेलो तेचो! मास्तर, तुमका बायको आसा मां? काय करता ती तुमच्यावांगडा?"

मी बादली तशीच टाकून देवळात जाऊन बसलो. मी पाईप जोडणारा माणूस. पाणी गळतंय दिसलं की बंद करतो. कुणी मुद्दाम गळू देत असेल, तर ते मला कुणी सांगायचं? सगळ्या वाडीला माहीत, एक मी सोडून. आणि त्या माणसाकडून मी सगळ्यांदेखत दहा वेळा पान्हा फिरवून घेतला. आठवलं की कानशिलं तापतात.

बाई पुढच्या आठवड्यात जाणार. गेल्या म्हणजे गेल्याच. मुंबईहून कोण हाक मारायला येतं? सोमवारी येताना युनियन घेऊन येतो आणि पुन्हा बसवतो. संस्थेच्या मॅडमना काय सांगायचं ते बघू.

९ फेब्रुवारी

मालवणहून एसटी उशिरा सुटली. वाडीत पोचलो तर लांबूनच आरडाओरडा. पळत गेलो. बांधावर पाण्याचा फवारा माणसाच्या उंचीएवढा. मी चिकटवलेला पाईप मधोमध दोन तुकडे झालेला, आणि एक टोक गंगारामच्या हातात, दुसरं सुभद्राबाईंच्या. दोघंही नखशिखांत भिजलेली. आणि भांडतायत, एकमेकांशी, तोंडावर.

"कापलंस कित्या?" गंगाराम ओरडत होता.

"मी कापलंय? तुझ्या बाजून तुटलो हा!"

"माझ्या बाजून? करवतीन कापल्यासारखो दिसता, आणि माझ्या बाजून? धर गो नीट! सोडू नको!"

"तूच सोडतंस! ल्हानपणापासून अर्ध्यावर सोडून पळतंस!"

"मी पळालंय?"

"पळालंस! आयेक घेऊन पळालंस! माझी वाट बघूक नाय तू!"

यावर गंगारामच्या हातातून पाईप सुटला. पाणी त्याच्या छातीवर आदळलं, तरी तो हलला नाही. ओरडलाच, "पाणी चढत होता गो सुबी! मसण वहाळाच्या पलीकडे, तुका काय ठावक नाय? आणखी थोडो वेळ गेलो असतो तर आयेक पलीकडे नेऊक गावला नसता. किती दिस घरात ठेवूची होती तिका? पाणी उतारसर? मी वाटेर माणूस उभो केलंलय तुझ्यासाठी. तो म्हणालो, गाडी नाय, काय नाय. तिका खांद्यार घेतलंय तेव्हा कंबरभर पाणी होता!"

"मगे सांगूचा होतास!"

"कोणाक सांगू? तू माका मेलो म्हणालंस! मेललो माणूस सांगता काय?"

मी वर पळालो, बांधाऱ्यावरचा मोठा कॉक बंद केला. एवढं पाणी वाया! परत आलो तर फवारा थांबलेला, भांडण मात्र चालूच. आई कशी गेली, शेवटी काय बोलली, कुणाचं नाव घेतलं, यावरही भांडण. "तुझाच नाव घेतल्यान गो, माझा खंय घेतल्यान?" असं गंगाराम म्हणाला आणि बांधावर मटकन बसला. सुभद्राबाई चिखलातच उभ्या. मग त्यांनीही त्याला काहीबाही शिव्या घातल्या, रडत रडत. कुणीतरी मधे पडायला हवं होतं. पण लवू मला हाताला धरून लांब घेऊन गेला.

म्हणजे मी चांगलंच करून ठेवलंय. इतकी वर्षं न भांडता राहणारी दोन माणसं, आणि माझ्या पाईपावरून चिखलात उभी राहून आईच्या मरणावर भांडली. जेवण गेलं नाही. उद्या बाईंची माफी मागतो आणि संस्थेला कळवतो, दुसरा माणूस बघा.

१० फेब्रुवारी

सकाळी पाईपाचा तुकडा घेऊन सुभद्राबाईंच्या बागेत गेलो. मोडलेलं तरी जोडून द्यावं. बाई माठाची जुडी बांधत होत्या. डोळे सुजलेले. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "सुभद्राबाय, माझा चुकला. माझ्यामुळे तुमचा भांडण झाला. तुमी शांतपणान मुंबयेक जाणार होतात..."

"जाणंय नाय," त्या म्हणाल्या. "अजयाक सांगलंय फोन करून. येवक नाय म्हणान."

"पण काल एवढा सगळा..."

"पाईप मी कापलंय, मास्तर."

मी हातातला तुकडा दुसऱ्या हातात घेतला.

"तुमची करवत माझ्या पडवीत ऱ्हवली होती. म्हटलां, जायचाच आसा तर जाताना एकदा तरी तेणां माझ्याकडे बघून वसवस करूक व्हयी. आता गळणा नाय, पाळी नाय, मी तेका काय म्हणान हाक मारू? कापलंय सरळ. इलो धावत." त्यांनी जुडीला गाठ मारली. ती सुटली, पुन्हा मारली. "इतकी वर्सां तो दुसऱ्याक सांगी, मगे तुमका सांगी. काल माका 'गो' म्हणालो. सुबी म्हणालो. शिव्या घातल्यान, पण त्यो माका घातल्यान."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. बाईंनीही बघून न बघितल्यासारखं केलं नाही. पदराचं टोक पुढे केलं, म्हणाल्या, "पुसा. मास्तर मां तुमी?"

तेवढ्यात बांधापलीकडून आवाज आला, "गो सुबी! गजाली कसल्यो मारतंस सकाळीच? वर कॉक सोडलंय, पाणी इला काय बघ!"

"पाईप जोडूक नाय अजून, मेल्या! बंद कर!" सुभद्राबाई इतक्या जोरात ओरडल्या की कोंबड्या पळाल्या. जुडी माझ्या हातात कोंबून त्या बांधाकडे धावल्या. आणि तुटलेल्या पाईपातून पाणी पुन्हा दोघांच्या अंगावर उडालं. मी पाईपाचा तुकडा आणि माठाची जुडी घेऊन तिथंच उभा होतो. माझ्याकडे दोघांपैकी कुणी बघितलंसुद्धा नाही.